हरणाचं रक्त, पट्टीवर

शेळ्या गाभडायला लागल्या की ज्या आजारांचा संशय घ्यायचा, त्यांत टॉक्सोप्लाझ्मा असतो. पशुवैद्यक झालो तरी या परजीवीशी माझी ओळख तेवढीच होती. विस्कॉन्सिनला मास्टर्सला आलो आणि गाइडनी विषयच तो दिला: इथल्या जंगली व्हाइटटेल हरणांचा त्याच्याशी कितपत संबंध आला आहे, ते रक्तातल्या अँटिबॉडीवरून शोधायचं.

हरीणच का? या परजीवीची अंडी मांजरकुळातल्या प्राण्यांच्याच विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत, गवतावर महिनोन् महिने टिकतात. हरीण मांस खात नाही. त्यामुळे त्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, तर बहुधा चारा-पाण्यातूनच लागण झालेली असते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातल्या चितळाचं रक्त मिळवायचं म्हणजे आधी परवानग्या, मग पकडणं. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी ९ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. आमच्या कामासाठी एकही हरीण मारलं जाणार नव्हतं. जे मारलं जाणारच होतं, त्याचं थोडं रक्त मागायचं होतं.

अडचण अशी की शिकारी हरणाची आतडी-फुप्फुसं रानातच काढून टाकतो. तपासणी केंद्रावर येईपर्यंत छातीच्या पोकळीत उरतं ते गोठलेलं, लालभडक लगद्यासारखं काहीतरी. म्हणून हंगामाआधीच शिकाऱ्यांना पाकिटं वाटली: हातमोजे, नोबुटो नावाच्या गाळणकागदाच्या पट्ट्या आणि एक छोटा फॉर्म. पट्टीचं टोक रक्तात बुडवायचं, पट्टी वाळवायची, मगच पाकिटात घालायची. हे ‘वाळवायची’ मी फॉर्मवर ठळक छापलं होतं. तरी काही पट्ट्या बुरशी घेऊनच आल्या.

केंद्रावर शेजारच्या टेबलाला सीडब्ल्यूडी या हरणांच्या जीवघेण्या मेंदूविकाराच्या तपासणीसाठी मानेतल्या लसिकाग्रंथी काढत. मी जबडा उघडून वय बघायचो. खालची तिसरी उपदाढ तीन कंगोऱ्यांची असेल तर ती दुधाची, म्हणजे जनावर साधारण दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान. दोन कंगोऱ्यांची असेल तर मोठं. वय लिहिणं अत्यावश्यक, कारण जितकी वर्षं चरलं तितकी लागणीची संधी जास्त. हे ध्यानात न घेता दोन भागांची तुलना केली तर आकडे फसवतात.

चाचणी मॉडिफाइड ॲग्लुटिनेशनची, म्हणजे रक्तात अँटिबॉडी असल्या तर परजीवी एकमेकांना चिकटतात, ते बघायचं. आज ती ज्या रूपात सर्रास वापरतात, त्यामागे महूच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकलेल्या जे. पी. दुबे यांचं काम आहे, हे वाचून उगाचच बरं वाटलं. पट्टीचे तुकडे बफरमध्ये भिजवून रक्तातला अंश उतरवायचा आणि ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये फॉर्मलिननं मारलेल्या परजीवींबरोबर मिसळायचा. सोबत मर्कॅप्टोइथेनॉल नावाचं रसायन घालावं लागतं. कुजक्या अंड्यांचा तो वास जॅकेटमधून लवकर जात नाही. मग प्लेट रात्रभर ३७ अंशांवर, अजिबात न हलवता. सकाळी खळग्याच्या तळाशी टिकलीसारखा रेखीव निळा ठिपका दिसला तर निगेटिव्ह; तळभर फिकट पातळ थर पसरला असेल तर पॉझिटिव्ह. अधल्यामधल्या खळग्यांवरून माझे आणि लॅबमधल्या सहकारी बाईंचे वाद व्हायचे. दोघांनी एकमेकांचं न बघता नोंद करायची आणि जुळलं नाही की चाचणी पुन्हा लावायची, असं ठरवून टाकलं.

खरी कसोटी निकाल कळवताना लागली. पॉझिटिव्ह म्हणजे या हरणाची परजीवीशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. ते आजारी होतं असा त्याचा अर्थ नाही. पण सीडब्ल्यूडी पॉझिटिव्ह आलं तर मांस खाऊ नका असा सल्ला असतो, कारण तो आजार पसरवणारं बिघडलेलं प्रथिन, म्हणजे प्रिऑन, शिजवून नष्ट होत नाही. साहजिकच आमचं पत्र मिळताच लोकांनी तोच अर्थ काढला. एका आजोबांचा फोन आला, “फ्रीजर रिकामा करू का?” म्हटलं, नको. आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस होईल असं शिजवा, कच्चं मांस हाताळल्यावर हात आणि सुरी धुवा.

ते म्हणाले, निम्मं तर संपलंय आणि आम्हाला ते आतून गुलाबीच आवडतं. सून गरोदर आहे, तिनंही खाल्लंय.

गरोदरपणात टॉक्सोप्लाझ्माची लागण झाली तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोहोचू शकते. यावर माझ्याकडे प्लेट वाचून देण्याजोगं उत्तर नव्हतं. तिच्या डॉक्टरांना आजच सांगा, रक्त तपासायचं का ते त्या ठरवतील, असं सांगितलं. पुढच्या हंगामाच्या पाकिटात शिजवण्याची आणि गरोदर बायकांसाठीची सूचना फॉर्मच्या वरच छापली.