बंधाऱ्यासाठी पावसाच्या नोंदी जमवताना

सिन्नर तालुक्यातील आमच्या गावच्या ओढ्यावर बंधारा बांधायचे ठरले, तेव्हा पावसाची आकडेवारी जमवण्याचे काम माझ्याकडे आले. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद लगेच मिळाली, परंतु ती २०१९ पासूनच्या सातच पावसाळ्यांची होती आणि त्यांत २०२३ सोडल्यास बहुतेक वर्षे चांगल्या पावसाची होती. त्या सरासरीवर बंधारा कागदावर दरवर्षी भरला असता.

साठवण ठरवताना ७५ टक्के विश्वासार्हतेचा पाऊस, म्हणजे चारपैकी तीन वर्षे किमान जेवढा पडेल तेवढा, धरावा लागतो. त्यासाठी वर्षे उतरत्या क्रमाने लावली, तर सात वर्षांच्या यादीत हा आकडा सहाव्या क्रमांकावर, म्हणजे खालून दुसरा येतो. एखादे कोरडे वर्ष वाढले की तो कोसळतो. ३९ वर्षांच्या यादीत तो तिसावा असतो आणि शेजारचे आकडे एवढे दाटीने येतात, की एका वर्षाने फारसे काही हलत नाही. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी तीस वर्षांचा कालखंड का धरते, हे या दोन याद्या शेजारी ठेवल्यावर मला नीट पटले. इगतपुरीची नोंद उसनी घेणे शक्य नव्हते, कारण तो घाटमाथा आणि आमचा पर्जन्यछायेचा पट्टा.

शेवटी तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या १९८७ पासूनच्या नोंदी नाशिकला बसून उतरवून घेतल्या. नुसती लांबी मात्र पुरत नाही. नोंद सकाळी साडेआठला घ्यायची असते; काही रविवारी चौकट रिकामी आणि सोमवारी आकडा भलताच मोठा, असे दिसले. महिन्याची बेरीज त्याने बिघडत नाही, पण सांडव्यासाठी लागणारा एका दिवसाचा कमाल पाऊस फुगतो, म्हणून असे सोमवार त्या हिशेबातून वगळले. मधल्या काळात मापक दुसऱ्या जागी हलवलेला होता. आजूबाजूच्या केंद्रांच्या एकत्रित सरासरीशी आमच्या केंद्राची वाढती बेरीज आलेखावर मांडली, तेव्हा त्याच वर्षी रेषेचा उतार बदललेला दिसला आणि आधीचे आकडे त्या प्रमाणात दुरुस्त करावे लागले.

१९७२ चा दुष्काळ या यादीत येत नाही, हे आराखड्यासोबतच्या टिपणीत मी स्पष्ट लिहिले आहे.