फोन इंग्रजीत, ॲप मराठीत

आमचं ॲप दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आहे. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल, एवढंच त्यात दिसतं. मराठी मजकूर सुरुवातीपासून होता, पण फोनची भाषा मराठी असेल तरच तो उघडायचा. आमच्याकडचे बहुतेक फोन दुकानातून आले तसे इंग्रजीतच राहिलेले. शिवाय घरात एकच फोन असतो, शाळा-कॉलेजातली मुलंही तोच वापरतात. दुधाचा हिशोब मराठीत वाचायचा म्हणून आख्ख्या घराचा फोन बदलायला लावणं मला पटत नव्हतं. भाषा ॲपपुरती निवडता आली पाहिजे, हे ठरवून कामाला लागलो.

अँड्रॉइड १३ पासून (२०२२) प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. ॲपला येणाऱ्या भाषांची यादी एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ती मॅनिफेस्टला (ॲपची ओळख अँड्रॉइडला सांगणाऱ्या फाइलला) जोडली की फोनच्या सेटिंगमध्ये पर्याय दिसतो. जुन्या फोनसाठी ॲपकॉम्पॅट १.६ या गूगलच्या तयार कोडसंचातली सोय वापरली. निवड लक्षात ठेवायचं कामही तीच करते, फक्त मॅनिफेस्टमध्ये तसं सांगून ठेवावं लागतं. हा भाग लवकर उरकला.

प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या चाचणीच्या ॲपमध्ये मात्र मराठी निवडूनही पडदा इंग्रजीच राहिला. ॲप 'ॲप बंडल' या स्वरूपात दिलं की प्ले स्टोअर फोनच्या भाषांपुरताच मजकूर पाठवतं, डाउनलोड लहान राहावं म्हणून. इंग्रजी फोनवर मराठी फाइल पोचतच नाही. केबल लावून टाकलेल्या ॲपमध्ये सगळ्या भाषा असतात, त्यामुळे टेबलावर हे दिसणं शक्य नसतं. ॲप कसं बांधायचं ते सांगणाऱ्या बिल्ड फाइलमध्ये भाषेनुसार तुकडे करणं बंद केलं. ॲपमध्ये भाषेचं बटण देणार असाल तर हे आधी करा.

सगळ्यात जास्त वेळ अंकांनी खाल्ला. भाषा मराठी केली की जावा (ॲपच्या कोडची भाषा) आकडेही देवनागरीत छापू लागतं. तशीच तारीख सर्व्हरकडे गेली की तो ती नाकारतो. म्हणून सर्व्हरला जाणारं सगळं ठरावीक, निवडलेल्या भाषेशी संबंध नसलेल्या लोकेलमध्ये (तारीख-आकडे लिहायच्या पद्धतीत) बांधलं. राहिला पडद्यावरचा प्रश्न. केंद्रावरची छापील पावती इंग्रजी अंकांत येते आणि शेतकरी ती ॲपशेजारी धरून फॅट ताडून बघतो. दुसरीकडे, वयस्कर बायकांना देवनागरी आकडे सहज वाचता येतात, इंग्रजी नाही. दोन्ही गरजा खऱ्या, मग एकीसाठी दुसरी का मोडायची? भाषेच्या टॅगमध्ये (कोडमधल्या भाषेच्या खुणेत) अंकपद्धती वेगळी सांगता येते, त्यामुळे अंकांची निवड स्वतंत्र ठेवली. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत उपयोगी पर्याय आहे.

भाषांच्या यादीत प्रत्येक नाव त्या-त्या लिपीत लिहिलं: मराठी, ಕನ್ನಡ. तात्पुरतं म्हणूनही देवनागरीत 'कन्नड' नको, असा आग्रह मी धरला. जत तालुक्यात बरीच घरं कन्नड बोलतात. चुकून भलतीच भाषा लागली तरी माणसाला परत यायची वाट ओळखता आली पाहिजे. त्याच कारणाने बटण पहिल्याच पडद्यावर, वर कोपऱ्यात आहे. सेटिंगच्या आत पुरलेलं नाही.

सध्या बिल जमा झाल्याचे संदेश तेवढे इंग्रजीत जातात. ते सर्व्हरवर तयार होतात, म्हणून निवडलेली भाषा खात्यासोबत तिथेही साठवावी लागणार आहे. पुढच्या आवृत्तीत ते काम घेतलं आहे.