स्टालिन रोड, संजय गांधीचे पैसे अन् पाच एकराची अट

परवा ऑफिसात जेवताना टीममधला एक डच माणूस सहज बोलल्यासारखं बोलला, तुमच्याकडे शहरांची, रस्त्यांची नावं सारखी बदलतात म्हणे, जुन्या नेत्यांवर एवढा राग का? माणूस वाईट नाही. ब्रेडच्या दोन तुकड्यांत चीजचा एक काप घालून त्याला जेवण म्हणतो एवढाच त्याचा दोष. पण मला ते लागलं. गावी आपण पानठेल्यावर उभे राहून नेहरू, इंदिरा, अटलजी सगळ्यांची सालटी काढतो, तासन्‌तास, ते आपलं घरचं, पण बाहेरच्यानं एक शब्द काढला की आपल्या अंगात वकील शिरतो. मी इंग्रज, गुलामी, वसाहती असं बरंच काही फेकलं, तो मान डोलवत चीज खात राहिला.

रात्री बसून शोधलं. अन् काय सापडलं म्हणता!

ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला व्हिक्टोरीप्लाइन नावाचा चौक आहे, माझं तिथून नेहमीचं जाणंयेणं, पण कधी विचार केला नव्हता. त्या चौकात तीन मोठे रस्ते येऊन मिळतात. महायुद्ध संपल्यावर 1946 साली त्या तिघांना तीन जिंकलेल्या नेत्यांची नावं दिली, चर्चिल, रूझवेल्ट अन् स्टालिन. हो, स्टालिन! दहा वर्षं लोकांची पत्रं स्टालिन रोडच्या पत्त्यावर येत होती. 1956 ला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमधे शिरले, इकडे लोक भडकले, अन् मरून तीन वर्षं झालेल्या स्टालिनची पाटी उतरवली. आता त्या रस्त्याचं नाव स्वातंत्र्य मार्ग आहे. बाकीचे दोघं अजून जागेवर.

अन् खरी गंमत पुढेच आहे. चर्चिल मार्गावर पुतळा कोणाचा, तर आपल्या गांधीजींचा. 1990 पासून. ज्या माणसानं 1931 साली त्यांना अर्धनग्न फकीर म्हटलं, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर बापू उभे. मी यवतमाळ जिल्ह्यातला, सेवाग्राम शेजारच्या जिल्ह्यात, शाळेची सहल दरवर्षी बापूकुटीला जायची, त्यामुळे मला त्या पुतळ्याचा उगाच जरा हक्क वाटतो. पण आता तिथून सायकल नेताना दर वेळी हसू येतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळं सांगितलं, एकेक सन मुद्दाम ठासून. तर तो म्हणाला, अरे हो की, आम्हीही तेच केलं, बरोबर आहे तुझं. संपलं! मला भांडायचं होतं, अन् त्यानं एका मिनिटात मान्य करून टाकलं. या लोकांचं हेच मला जमत नाही. चूक मान्य करण्याचाही यांना सराव झालेला आहे, ते मान्य करतात, वर एक सुंदर पाटी लावतात, अन् पाटी लावली म्हणजे विषय मिटला असं त्यांच्या चेहऱ्यावर येतं.

पाटी म्हणजे खरोखरची पाटी. होर्न नावाचं बंदराचं गाव आहे, ॲमस्टरडॅमहून ट्रेननं अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या चौकात यान पीटरसून कून याचा पुतळा आहे. हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल. 1621 ला यानं जायफळाच्या व्यापारासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर स्वारी केली, हजारो माणसं मारली, उरलेली गुलाम केली, बेटंच्या बेटं रिकामी झाली. पुतळा मात्र 1893 चा, म्हणजे त्यानंतर अडीचशेपेक्षा जास्त वर्षांनी, जेव्हा यांना राष्ट्र म्हणून छाती फुगवायला कोणीतरी वीर पाहिजे होता. म्हणजे बघा, माणूस मेला 1629 ला, हिरो झाला 1893 ला, अन् 2012 ला त्याच्या चौथऱ्यावर नवा मजकूर लागला की हा माणूस वादग्रस्त आहे, बांद्यात त्यानं काय केलं तेही वाचा. मधे 2011 ला एका क्रेनचा धक्का लागून साहेब खाली पडले होते, चुकून हं, तर उचलून दुरुस्त करून परत उभे केले. मी तो मजकूर नीट वाचला. खरं सांगतो, मला तो आवडला. स्तुती करणारे काय म्हणतात, टीका करणारे काय म्हणतात, दोन्ही एकाच दगडावर. आपल्याकडच्या कोणत्याही पुतळ्याखाली, कोणत्याही पक्षाच्या, असं लिहायची हिंमत कोणी करून दाखवावी, संध्याकाळपर्यंत तालुका बंद. पण लगेच दुसरं मन म्हणतं, चारशे वर्षांनी पाटी लावून मोठेपणा कसला, अन् बांद्याच्या माणसाला कोणी विचारलं का की या मजकुरावर तू समाधानी आहेस का बाबा?

चर्चिलचंही तसंच. इथल्या म्हाताऱ्यांना 1944-45 चा उपाशी हिवाळा आठवतो, जर्मनांनी अन्न अडवलं, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, 20 हजाराच्या आसपास माणसं गेली. मग दोस्तांची विमानं आली, भाकरी आली. त्यांच्यासाठी चर्चिल म्हणजे ती भाकरी. अन् त्याच्याच एक वर्ष आधी, 1943 ला, बंगालमधे अंदाजे 30 लाख माणसं भुकेनं मेली, तेव्हा लंडनमधे धान्याची जहाजं कुठे वळवायची हे ठरवणाऱ्या मंत्रिमंडळाचा प्रमुख हाच माणूस. आता सांगा इतिहासानं काय निकाल द्यावा? बंगालच्या माणसाला ट्यूलिपचे कंद दाखवून उपयोग नाही, अन् इथल्या आजीला बंगाल सांगून तिच्या तोंडातली भाकरी काढून घेता येत नाही.

आजीवरून आठवलं. आमच्या शेजारी एक डच आजी राहतात, नव्वदीला आलेल्या, मला बागेत पाहिलं की कॉफीला बोलावतात. त्यांच्याकडून मला विलेम ड्रेस कळला. 1948 ते 1958 पंतप्रधान होता हा, अन् त्याआधी मंत्री असताना 1947 ला त्यानं म्हाताऱ्यांसाठी पेन्शनचा तात्पुरता कायदा आणला, पुढे 1957 पासून तो पक्का झाला. आजी सांगत होत्या की त्यांच्या आजोबांना पहिल्यांदा पैसे मिळाले तेव्हा घरात सगळे म्हणायचे, ड्रेसकडून पैसे आले. सरकारकडून नाही, ड्रेसकडून! हे ऐकताना मी कॉफीचा कप हातात धरून तसाच बसलो, कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त नाव वेगळं.

आमच्या गावात म्हाताऱ्या बाया अजून म्हणतात ना, "संजय गांधीचे पैसे आले का वं?" संजय गांधी निराधार अनुदान योजना, 1980 ची. आता बाहेरच्या कोणालाही संजय गांधी म्हटलं की काय आठवतं? आणीबाणी, नसबंदी, दिल्लीतले बुलडोझर. पुस्तकांत तोच संजय गांधी आहे अन् ते खोटं नाही, आमच्या गावातल्या माणसांनाही नसबंदीच्या कॅम्पची गाडी आली की वावरात लपून बसल्याचं आठवते. पण ज्या बाईचा नवरा गेला, लेकरं पुण्या-सुरतेला कंपनीत लागली अन् विचारत नाहीत, तिच्यासाठी संजय गांधी म्हणजे बँकेच्या रांगेतून मिळणारे महिन्याचे पैसे, आधी 600, मग हजार, आता दीड हजार. तिनं त्या माणसाचा फोटोही पाहिला नसेल. तिच्या पिढीसोबत ते नाव त्या अर्थानं संपेल अन् फक्त पुस्तकातला उरेल, हा निकाल बरोबर की तो, मला खरंच सांगता येत नाही.

आजींचा नातू इतिहास शिकतो, तो मधेच म्हणाला की ड्रेस पंतप्रधान असतानाच डच सैन्यानं इंडोनेशियात कारवाई केली, अन् 2022 ला मोठं संशोधन आलं की तिथे डच सैन्यानं सर्रास टोकाचा हिंसाचार केला होता, सरकारनं माफी मागितली. आजी म्हणाल्या, माहितेय मला, कॉफी पी. मला त्या क्षणी आजी फार आपल्या वाटल्या. (अन् हो, ती पेन्शन आता माझ्याही नावावर जमा होते, इथे राहिलेल्या प्रत्येक वर्षाचे दोन टक्के. म्हणजे ड्रेसचा मी पण लाभार्थी, मी त्याच्याबद्दल वाईट कसं बोलणार.)

आता मनमोहन सिंगांकडे येतो. डिसेंबर 2024 ला ते गेले तेव्हा इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं ते सांगायची सोय नाही. अर्धे लोक त्यांचं ते जानेवारी 2014 चं वाक्य टाकत होते, की आजच्या मीडियापेक्षा इतिहास माझ्याशी जास्त दयाळूपणे वागेल, अन् बाकीचे टूजी, कोळसा, मौन. पुण्यामुंबईची शिकलेली माणसं, सगळ्यांचे मुद्दे तयार, जीडीपीचे आकडे तयार. मी बाबांना फोन केला, म्हटलं बाबा, तुम्हाला काय वाटते?

बाबा म्हणाले, "मानूस सज्जन होता, त्यात काई वाद नाई. पन पाच एकर कोनं सांगतलं होतं त्याले?"

ग्रुपवरच्या दीडशे मेसेजमधे हे कोणीच म्हटलं नव्हतं. 2006 च्या जून अखेरीस मनमोहन सिंग स्वतः विदर्भात आले, आत्महत्या झालेल्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज दिलं. आले हे मोठंच, उगाच नाकारायचं नाही. मग 2008 ला देशभर कर्जमाफी, सुरुवातीचा आकडा 60 हजार कोटी. पण पूर्ण माफी कोणाला, तर दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकर. आता ही अट दिल्लीत बसून चांगलीच वाटत असेल, लहान शेतकरी म्हणजे गरीब, हिशेब सरळ. पण यवतमाळ-वाशीमकडच्या कोरडवाहू कास्तकाराच्या सातबाऱ्यावर सात-आठ-दहा एकर सहज असते, पाणी नाही म्हणून जमीन जास्त लागते हो, अन् तिच्यात पिकते काय तर पावसाच्या भरवशाची पऱ्हाटी अन् तूर. म्हणजे कॅनॉलखाली चार एकर ऊस असणाऱ्याचं सगळं माफ, अन् दहा एकर पऱ्हाटीवाल्यानं आधी 75 टक्के भरायचे मग 25 टक्के सुटणार. ओरड झाल्यावर दुष्काळी अन् पॅकेजच्या जिल्ह्यांत निदान 20 हजाराची सूट जोडली, पण उरलेलं भरायला पैसा असता तर थकलाच कशाला असता? सावकाराचं तर कुठेच धरलं नव्हतं. तरी रोजगार हमीचा कायदा, 2005 चा, अन् त्याच वर्षीचा माहितीचा अधिकार, हेही त्याच माणसाच्या काळातलं, अन् बाबा तेही सांगतात, फक्त पाच एकर झाल्यावर.

यावर मी ग्रुपवर लिहिलं तर एकानं उत्तर दिलं की बाहेर बसून शेतकऱ्यांबद्दल बोलायला सोपं असतं. बरं. बाहेर मी कसा आलो तेही सांगून टाकतो. नरसिंह राव 1984 अन् 1989 ला आमच्या विदर्भातून, रामटेकमधून खासदार झाले होते. 1991 ला लढलेही नव्हते, निवृत्त होऊन हैदराबादला जायची तयारी होती, राजीव गांधी गेले अन् हे पंतप्रधान झाले. त्यांनी अन् त्यांच्या अर्थमंत्र्यांनी, म्हणजे परत मनमोहन सिंगच, जे दार उघडलं त्यातूनच कॉम्प्युटरवाली माझ्यासारखी गावची पोरं बाहेर पडली. 2004 ला ते गेले तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या मुख्यालयाचं फाटक त्यांच्या पार्थिवासाठी उघडलं नाही, अन् 2024 ला भारतरत्न. बाबरीचा हिशेब वेगळा, तो पुसला जात नाही. पण त्याच उघडलेल्या दारातून बाहेरचा कापूस आत आला असं बाबा म्हणतात, अन् मी त्याच दारातून बाहेर गेलो, तर आमच्या एका घरात नरसिंह रावांचे दोन निकाल आहेत अन् दोन्ही घरखर्चात दिसतात. कारण मी पाठवलेल्या पैशावर विहीर झाली. हे मी मोठेपणासाठी नाही सांगत, कोणीतरी बाहेर गेल्याशिवाय ती झाली नसती एवढंच म्हणतो.

अन् निकालाला वेळ लागतो असं जे म्हणतात ना, त्यावरही माझा फार विश्वास नाही. वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्यातले, पुसदचे, 1963 ते 1975 मुख्यमंत्री. महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या म्हणाले होते, ते सगळ्यांना माहीत. त्यांच्याच काळात हायब्रीड ज्वारी आली, 72 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. त्यांच्यावर आमच्या ओसरीत मी शाळेत असतानाच खटला चालू होता, आबाजी अन् बाबांचा. बाबा म्हणायचे हायब्रीडनं घरचं बी गेलं, कडबा बुटका झाला, ढोराले खायाले काई राह्यलं नाई, आता दरवर्षी थैली इकत घ्या. आबाजी तंबाखू मळत ऐकून घ्यायचे अन् एवढंच म्हणायचे, "मिलो खाऊन पाय पयले, मंग बोल." मिलो म्हणजे अमेरिकेतून यायची ती रेशनवरची लाल ज्वारी. बाबांनी ती लहानपणी खाल्लेली होती, चांगली पोटभर, पण आबाजींसमोर ते सांगायची सोय नव्हती.