बोटावरचा पीळ

मी चेहऱ्यांपासून सुरुवात केली आणि तिथेच फसले. इतिहासातल्या बंडखोर बायकांवर दागिन्यांची एक मालिका करायची, एवढंच डोक्यात होतं. वहीत बारा नावं लिहिली आणि एकेकीचा चेहरा मेणात कोरायला घेतला. लक्ष्मीबाई, बुडिका, हॅटशेपसुट, रोमविरुद्ध उठलेली सीरियातली राणी झेनोबिया. चार पदकं झाल्यावर शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर चौघी सख्ख्या बहिणी दिसत होत्या. सरळ नाक, ताठ मान, लांब कुठेतरी रोखलेली नजर. बुडिकाचं तर तिच्या काळातलं एकही चित्र नाही, मग मी कोरत होते कुणाला? माझ्याच मनातल्या ‘शूर बाई’ला, चार वेळा. मग तलवारी करून पाहिल्या. दीड इंचाची तलवार गळ्यात घातली की दातकोरणं वाटते. सगळं मेण परत वितळवलं.

मग ठरवलं, चेहरा सोडायचा. त्या बाईच्या अंगावर काय होतं, किंवा तिच्याशी काय केलं गेलं, त्यातून काही मिळतं का ते बघायचं.

बुडिकाच्या बाबतीत ते आयतंच मिळालं. इ. स. 60-61च्या सुमारास ब्रिटनमध्ये रोमन सत्तेविरुद्ध उठलेली ही राणी. तिच्या गळ्यात सोन्याचा जाड दागिना होता, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. तोही शंभरावर वर्षांनंतर, पण लिहितो. तिच्या मुलखातल्या स्नेटिशॅम इथे सापडलेला असा एक दागिना ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आकार आपल्या सरीसारखा, वजन किलोभराहून जास्त. आठ-आठ तारांचा एक पीळ, असे आठ पीळ पुन्हा एकमेकांत पिळलेले, म्हणजे 64 तारा. मी चांदीच्या फक्त आठ तारा घेतल्या आणि तिसऱ्या पिळालाच दोन तुटल्या. दोष चांदीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. पिळत गेलं की चांदी कडक होते. ती मंद लाल होईपर्यंत तापवायची, निवू द्यायची आणि मगच पुढचा पीळ द्यायचा. हे कळत होतं, पण हात थांबत नव्हता. शेवटी गळ्यातलं राहिलं आणि त्याचं कडं झालं. कडं बरं झालंय.

हॅटशेपसुटने मला वेगळाच त्रास दिला. इजिप्तवर तिने इ. स. पूर्व पंधराव्या शतकात फॅरो म्हणून राज्य केलं आणि तिच्या मृत्यूनंतर भिंतींवरची तिची नावं नि आकृत्या छिन्नीने उडवल्या गेल्या. काही ठिकाणी हे काम इतकं बेतून केलंय की उरलेल्या खड्ड्याच्या कडेवरूनच तिथे ती होती हे कळतं. मी आधी पत्र्यावर नुसतेच ओरखडे काढले. ते ओरखडेच दिसले. पुसल्यासारखं दिसायला आधी लिहावं लागतं! तीन संध्याकाळी बसून लंबगोल चौकटीत तिचं नाव नीट कोरलं आणि चौथ्या संध्याकाळी तेच उडवायला बसले. पहिला घाव घालायला हात धजेना. ते पदक बघून अजून लोक विचारतात, ‘पॉलिश करताना खराब झालं का?’

इंग्लंडमधल्या मताधिकारवाल्या बायका मात्र मी यादीतून काढून टाकल्या. त्यांचं काम त्यांच्यातल्याच सिल्व्हिया पँकहर्स्टने 1909 मध्येच करून ठेवलंय. तुरुंगात जाऊन आलेल्या कार्यकर्त्यांसाठी तिने पिन घडवली. पिनेवर जाळीचा दरवाजा आणि कैद्यांच्या कपड्यांवर असायचा तो बाण, जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगांत. ज्या खुणेने तुम्ही आम्हाला कैदी केलंत, तीच आम्ही छातीवर लावून हिंडतो. यावर मी काय घडवणार?

आणि मग आर्तेमिसिया जेंतिलेस्की. रोममधली चित्रकार. तिच्यावर बलात्कार करणाऱ्या आगोस्तिनो तास्सीवर 1612 मध्ये खटला चालला. तो तिच्या वडिलांच्या ओळखीतला चित्रकार, आणि नंतर लग्नाचं वचन देत राहिलेला. ती खरं बोलते का हे तपासायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या बांधून आवळल्या. चित्रकाराची बोटं! जबानीची नोंद आजही आहे. दोऱ्या आवळल्या जात असताना ती तास्सीला म्हणाली, ‘तू मला दिलेली अंगठी ती हीच, आणि हीच तुझी वचनं.’

हे वाचल्यावर अंगठी सोडून दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. छळाचा दागिना करावा का, ही शंका मला तेव्हाही होती, आजही आहे. पण अंगठी हा शब्द तिचाच होता.

पहिल्यांदा बाहेरून दोरीसारखी दिसणारी केली. इतकी गोजिरवाणी झाली की मलाच लाज वाटली. मग दोरी आत न्यायची ठरवली: बाहेरून साधा गुळगुळीत वेढा, आतून पीळ. सळईवर सुती दोरा गुंडाळून वरून मेण ओतलं, त्याचं ओतकाम केलं, तर सगळंच उलटं झालं. अंगठीत खळगे आले आणि बोटावर उंचवटे. दोरी बांधल्यावर बोटावर खोलगट वळ उठतो, फुगीर नाही. एवढी साधी गोष्ट, पण ओतून झाल्यावर सुचली.

मग दोन बारीक तारा एकमेकींत पिळल्या, त्यांचे तीन वेढे घेतले आणि साध्या अंगठीच्या आत बसवून झाळल्या. झाळ, म्हणजे वितळून जोड देणारा धातू, थोडी जास्त झाली की ती पिळाच्या फटींत भरते आणि दोरीची नुसती तार होते. तिळाच्या अर्ध्याएवढे तुकडे चिमट्याने ठेवत गेले. तीन अंगठ्या वाया गेल्या. चौथीत पीळ शाबूत राहिला. माप नेहमीपेक्षा किंचित घट्ट ठेवलं, दुखेल इतकं नाही, पण विसर पडणार नाही इतकं. आतून पॉलिश केलं नाही.

धाकट्या बहिणीला घालायला दिली. तासभर ती बडबडत बसली होती, मग काढली. बोटावर तीन वेढे उमटले होते, पिळाच्या तिरप्या रेघांसकट. ती बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“ताई, हे जाईल ना?”

“अर्ध्या तासात,” मी म्हटलं.