बीएचकेमधला एच

आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीला हॉल म्हणतात. सोफा, टीव्ही, कोपऱ्यात इस्त्रीला जायच्या कपड्यांचं गाठोडं, दाराशी चपलांचा ढीग. तरी तो हॉल. न्यूयॉर्कचा मोठमोठ्या मैफलींचा कार्नेगी हॉल हाही हॉल आणि आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेतला हाही हॉलच. ‘पाहुणे हॉलमध्ये बसलेत’ असं आपण इतक्या सहज म्हणतो, जणू पाहुण्यांनी तिकीट काढलंय.

मला हे अलीकडे सुचायला लागलं ते हॅकेन्सॅकमुळे. न्यू जर्सीतलं हे गाव. तिथे रूडी व्हॅन गेल्डर नावाचा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या घरातल्या हॉलमध्ये जॅझ रेकॉर्ड करायचा. आईवडिलांचं बायकांच्या कपड्यांचं दुकान होतं. घर बांधतानाच मुलाच्या नादासाठी हॉलला लागून छोटी कंट्रोल रूम काढलेली, मध्ये काचेची खिडकी. आपल्याकडे फार तर देवघरासाठी एवढी जागा सोडतात.

या हॉलमध्ये कोण कोण येऊन गेलं? पियानोवाल्या थेलोनियस मंकच्या एका रचनेचं तर नावच ‘हॅकेन्सॅक’. सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सचा ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ हा अल्बम २२ जून १९५६ रोजी इथे झाला, जॉन कोल्ट्रेन या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याचा ‘ब्लू ट्रेन’ १५ सप्टेंबर १९५७ रोजी. ‘ब्लू ट्रेन’ आजही हेडफोन लावून ऐकला, तर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन अगदी आपल्या सोफ्याला गुडघे टेकवून बसल्यासारखे वाटतात. बसलेच होते तसे.

‘ब्लू ट्रेन’ काढला ब्लू नोट या छोट्या रेकॉर्ड कंपनीने. तिचा मालक अल्फ्रेड लायन मूळचा बर्लिनचा. डिसेंबर १९३८ मध्ये त्याने कार्नेगी हॉलमध्ये एक कार्यक्रम ऐकला आणि त्यातले दोन पियानोवाले, अल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुईस, त्याला इतके आवडले की दोनच आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ ला, त्यांना स्टुडिओत नेऊन रेकॉर्ड केलं. कंपनी निघाली ती अशी. पुढे त्याचा बर्लिनचाच मित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. तो रेकॉर्डिंग चालू असताना फोटो काढायचा. त्यातल्या काही फोटोंत घाम पुसणाऱ्या वादकांच्या मागे खिडकीचे ब्लाइंड्स दिसतात. कुणाच्या तरी घरचे ब्लाइंड्स! मोठ्या हॉलपासून निघालेली ही मंडळी अखेर आपल्यासारख्या हॉलात येऊन बसली, याचं मला फार बरं वाटतं.

लायनची ख्याती अशी, की तो तालमीचेही पैसे द्यायचा. वर खाणंपिणं. त्यामुळे ब्लू नोटच्या रेकॉर्ड कडक इस्त्रीच्या. त्याच हॉलमध्ये शुक्रवारी येणाऱ्या प्रेस्टीज कंपनीकडे हे लाड नव्हते. यायचं, वाजवायचं, निघायचं. दोन्ही कंपन्या स्वतंत्र, दोघींचा खिसा बेताचा. एकीने तो तालमीत रिकामा केला, दुसरीने वाचवला. जाणकार लोक ब्लू नोटच्या बाजूने मत देतात. माझं मात्र घरच्या कपड्यांतल्या प्रेस्टीजवर जरा जास्त प्रेम आहे.

कारण ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस. त्याला मोठ्या कोलंबिया कंपनीत जायचं होतं, पण प्रेस्टीजचा करार पुरा करायचा होता. मग त्याने १९५६ मध्ये दोन शुक्रवारी, ११ मे आणि २६ ऑक्टोबरला, या हॉलमध्ये बसून एवढं वाजवलं की त्यातून चार अल्बम निघाले. पुढची काही वर्षं कंपनी ते पुरवून पुरवून बाजारात आणत होती, दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवावा तसे. त्यातल्या दोघांची नावं ‘कुकिन’ आणि ‘स्टीमिन’. म्हणजे हॉलच्या शेजारचं किचनही आलं.

‘रिलॅक्सिन’ नावाच्या तिसऱ्या अल्बममध्ये वादकांचं आपसातलं बोलणंही ठेवलंय. सुरुवातीला माइल्स घोगऱ्या आवाजात सांगतो, आधी वाजवतो, काय आहे ते मग सांगतो. आणि शेवटी शेवटी बाजा थांबल्यावर कुणीतरी बिअरचा ओपनर मागतं. व्हॅन गेल्डर हा माईकला कुणाला बोट लावू न देणारा, स्वतः हातमोजे घालून माईक हाताळणारा माणूस. त्याच्या राज्यात ओपनर!

इथे मला आमचे बाबा आठवतात. एकादशीला आमच्या हॉलमध्ये भजनी मंडळ बसायचं. सोफा गॅलरीत, सतरंजी खाली, पेटी भिंतीकडे. पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते. उकाड्याने बायका पदराने वारा घेत बसायच्या, पण बाबांच्या टेपरेकॉर्डरपुढे कुणाचं चालायचं नाही. तो रुमालाखाली असायचा आणि त्याला हात लावायची आम्हाला बंदी. कोण कुठे बसणार हेही तेच ठरवायचे: टाळ मागे, पेटी पुढे, आणि ज्या काकूंचा आवाज खणखणीत त्या दाराजवळ, जवळजवळ जिन्यात. माईक एकच असला की आवाजाचं माप माणसं हलवूनच घ्यावं लागतं.

व्हॅन गेल्डरने १९५९ मध्ये इंगलवुड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्वतंत्र स्टुडिओ बांधला आणि चष्म्यांचे नंबर बंद केले. तिथेही थोर रेकॉर्ड झाल्या. १९६५ मध्ये लायनने ब्लू नोट एका मोठ्या कंपनीला विकून टाकली. ते सगळं ठीक. मला कुतूहल आहे ते व्हॅन गेल्डरच्या आईचं. दिवसभर दुकान करून घरी यावं, आणि हॉलमध्ये परके लोक सॅक्सोफोन घेऊन बसलेले असावेत. चहाचं आधण ठेवताना भांडं वाजलं तर? हळदीकुंकवाला हॉल मोकळा मिळायचा का? हळदीकुंकू नसेल, तसलं काहीतरी असेलच.

परवा बाबांची एक कॅसेट पोराने डिजिटल करून दिली. अभंग रंगात आलाय, टाळ चढलेत, आणि मधेच कुकरची शिट्टी. मग दुसरी. पोरगा म्हणाला, हे काढून टाकता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. शिट्टीनंतर नीट कान दिला, तर टाळांच्या मागून आईचा दबका आवाज येतो: ‘अगं, तीन झाल्या का दोन? बंद कर जा.’