कांडी वितळली होती, गाय गाभण होती

सांवेर रोडच्या त्या गोठ्यावर मी गेले होते ती विण्यानंतर माजावरच न आलेली एक गाय तपासायला. गोठा काकांचा. त्यांचं घराणं होळकरांच्या काळापासून इंदुरात. फाटकाशीच काका म्हणाले, "मॅडम, ती नंतर बघा. आधी ही लाली. उलटली, रेतनानंतर परत माजावर आली. रात्रभर हंबरतेय, शेजारच्या गाईवर चढतेय. मुलगा कांडी भरून तयार आहे."

कृत्रिम रेतन करणारा मुलगा खरंच तयार होता. गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यातून काढून, पुसून, रेतनाच्या गनमध्ये भरलेली. एकदा वितळलेली कांडी फार वेळ ठेवता येत नाही, त्यामुळे त्याची घाई बरोबरच होती. मी विचारलं, मागचं रेतन कधी? काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. बरोबर नऊ आठवडे झाले होते.

म्हणजे 63 दिवस. गाईची पाळी 21 दिवसांची, तीन पाळ्या झाल्या. हिशेब काकांच्याच बाजूचा होता. पण मधल्या दोन पाळ्यांना लालीनं काहीच दाखवलं नव्हतं. काकू दोन वेळा धार काढायला बसतात, त्यांच्या नजरेतून माज सहसा सुटत नाही. मी मुलाला म्हटलं, "दोन मिनिटं थांब भाऊ, मला हात घालू दे."

माजावरच्या गाईचं गर्भाशय इस्ट्रोजेन या माजाच्या हार्मोनमुळे ताठ असतं, बोटं लागताच आणखी आवळतं. लालीचं मऊ होतं. गर्भाशयाच्या दोन फाट्यांपैकी (त्यांना शिंगं म्हणतात) उजवं शिंग डाव्यापेक्षा उघड मोठं, आत पाणी हलल्यासारखं. हलक्या चिमटीत धरलं तर गर्भाभोवतीच्या पडद्याची एक पातळ घडी बोटांमधून आधी निसटली, मग शिंगाची भिंत. उजव्या बीजांडकोशावर टपोरं पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी बनणारी गाठ), गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं. त्या मिटलेल्या तोंडातून गन आत ढकलली असती, तर गर्भ जाण्याची पुरेपूर भीती होती.

"गाभण आहे," मी म्हटलं. काकांना पटेना. ओळखीतल्या कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं की पीतपिंड अडकलं की गाय भरत नाही, प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन टोचून ते मोडून टाकायचं. "तुम्हीच म्हणताय ना पीतपिंड आहे? मग मोडा की!" हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. पाचव्या महिन्यापर्यंत गाईचा गाभ त्याच पीतपिंडाच्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर टिकतो. ते मोडलं की गाभ पडला.

गाडीतून सोनोग्राफीचं छोटं यंत्र आणलं आणि पडदा काकूंकडे वळवला. काळ्या पाण्यात उंदराएवढा जीव, डोकं नि पायांचे कोंब वेगळे दिसणारे, आणि छातीत भराभर लुकलुकणारा ठिपका. "अगंबाई, हे काळीज?" काकूंनी विचारलं. मुलगाही वाकून बघू लागला.

मग काकांचा प्रश्न आला, आणि तो अगदी रास्त होता. गाभण आहे तर माजावर कशी आली?

गाभ राहिला नसता तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमाराला गर्भाशयानंच प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरघळवलं असतं. प्रोजेस्टेरॉन उतरलं की फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, पूर्ण पिकतं, इस्ट्रोजेन चढतं, माज दिसतो, मग बीज सुटतं. लालीच्या गर्भानं त्याआधीच इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन सोडून गर्भाशयाला थोपवलं आणि पीतपिंड टिकलं. पण म्हणून बीजांडकोश स्वस्थ बसत नाही. गाभणपणातही फॉलिकलच्या लाटा येत-जात राहतात. प्रोजेस्टेरॉन त्यांना बीज सोडू देत नाही, एवढंच. अशा एखाद्या मोठ्या फॉलिकलच्या इस्ट्रोजेननं काही गाभण गाई हंबरतात, दुसरीवर चढतात, क्वचित स्वतःवर चढूही देतात. गाय खोटं बोलत नसते. तिच्या अंगात त्या दिवशी इस्ट्रोजेन खरंच असतं. म्हणून मागच्या रेतनाची नोंद असेल तर माज कितीही ठळक दिसो, आधी हात घालून बघावं असं मी रेतन करणाऱ्या पोरांना कळकळीनं सांगते. या मुलानं कांडी टाकून दिली. काकांनी त्याचे पैसे कुरकुर न करता दिले, हे मला फार आवडलं.

राहिली माझी मूळची गाय. विऊन अडीच महिने झालेले, दूध भरपूर, पण बरगड्या मोजता येत होत्या. तिचे दोन्ही बीजांडकोश लहान आणि गुळगुळीत. पीतपिंड नाही, मोठं फॉलिकलही नाही. काकांनी परत त्याच इंजेक्शनचं नाव काढलं. लालीचा गाभ पाडणारं ते औषध इथे काहीच करणार नव्हतं, कारण मोडायला पीतपिंडच नव्हतं. दुधात जाते तेवढी ताकद खाण्यातून मिळत नसली की मेंदूकडून येणारे, फॉलिकल पिकवणाऱ्या एलएच हार्मोनचे ठोके मंदावतात, आणि फॉलिकल वाढून पिकण्याआधीच जिरतं. गव्हाणीत नुसता गव्हाचा भुसा आणि मूठभर खली होती.

काकूंना मी कागदावर लिहून दिलं: हिरवा चारा, मक्याचा भरडा हळूहळू वाढवत, रोज मिनरल मिक्श्चर, जंतांसाठी शेणाची तपासणी. इंजेक्शन नाही. तीन आठवड्यांनी दोघींना पुन्हा तपासायचं ठरलं. काकूंनी ती तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि लालीच्या नावापुढे "गाभण, गन घालू नये" असं लाल पेनानं लिहून ठेवलं.