चंदेरीतल्या डोळ्यांतला ठिपका

छापील फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांत नीट बघितलं तर बुबुळावर एक पांढरा ठिपका दिसतो. दिवा कुठे होता ते तो ठिपका सांगतो. चौकोनी असला तर सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करायला पुढे पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी, किंवा खिडकी. दिव्याला फोटोग्राफरची छत्री वापरली असेल तर गोलसर, कधी कधी छत्रीच्या काड्याही ओळखू येतात. खाली आणखी एक फिकट ठिपका असला, तर हनुवटीच्या खालून रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारा फलक, दिलेला आहे. हे सगळं मी 'चंदेरी' या सिनेमाच्या पाक्षिकाच्या पानांवर भिंग धरून शिकलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याला त्या काळी दुसरं कोण शिकवणार होतं?

तोवर आमच्याकडे एकच पद्धत होती. दोन्ही बाजूंना सारखे दोन दिवे, मागे रंगवलेला पडदा आणि स्टुलावर ताठ बसलेलं गिऱ्हाईक. फोटो स्वच्छ यायचा, पण नाक, गाल, कपाळ सगळं एका पातळीत.

चित्रपटांची मासिकं तशी जुनीच. टाइम्सचं 'फिल्मफेअर' 1952 सालचं, आणि दोनच वर्षांनी त्यांनी पुरस्कार सुरू केले. राजेश खन्ना पुढे आला तोही 1965 च्या त्यांच्याच टॅलेंट स्पर्धेतून. 1971 मध्ये नारी हिरांनी 'स्टारडस्ट' काढलं, शोभा राजाध्यक्ष म्हणजे आजच्या शोभा डे त्याच्या संपादक झाल्या, आणि नटनट्यांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या. आमच्याकडे हे अंक सलूनच्या बाकावर असायचे. इंग्रजी फार कमी जणांना यायचं, पण चित्रं सगळेच बघायचे. नंबर येईपर्यंत तोच अंक चार हातांतून फिरायचा.

'चंदेरी' मात्र मराठीतलं पाक्षिक होतं, आणि त्याचे संपादक होते गौतम राजाध्यक्ष. स्वतः फोटोग्राफर! लिंटास या जाहिरात कंपनीत ते फोटोचं काम बघायचे. 1987 मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफीत आले. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत चेहरे त्यांनी टिपले. त्यांच्या फोटोत माणूस आधी दिसतो, दागिने नंतर, असं मला कायम वाटत आलं. लेख मी मागाहून वाचायचो. आधी ठिपका शोधायचा, मग गालावरची सावली कुठे संपते ते बघायचं, आणि दुकान बंद केल्यावर भाच्याला स्टुलावर बसवून तसंच करून बघायचं.

आमच्याकडे सॉफ्टबॉक्स कुठला? पश्चिमेच्या खिडकीला मी धुतलेलं पांढरं धोतर ताणून बांधलं. समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट. दुपारचं ऊन त्या धोतरातून गाळून यायचं आणि चेहऱ्यावर अलगद पसरायचं. पुढे लोडशेडिंगचे दिवस आले, तेव्हा याच खिडकीनं दुकान तारलं.

कापूस विकून हाती पैसा आला की स्थळाला पाठवायचे फोटो काढायला गर्दी व्हायची. एक कास्तकार मुलीला घेऊन आले, सोबत अंकातलं फाडलेलं पान. म्हणाले, "भाऊ, माह्या पोरीचा फोटो असा काढून दे, पाह्यणाऱ्यानं पाह्यतच राह्यलं पाह्यजे." पोरगी सावळी, उन्हात वेचणी करणारी. असे फोटो तेव्हा सर्रास जास्त एक्सपोज करून गोरे करत. मी तिला खिडकीशी तिरकं बसवलं, थर्माकोल थोडा मागे घेतला. सावळ्या कातडीवर बाजूचा उजेड पडला की गालाच्या हाडावर जी चमक येते, ती गोऱ्या रंगावर येत नाही. हे मी आजही प्रत्येकाला ठासून सांगतो. वडिलांनी प्रिंट हातात घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

म्हाताऱ्या बायांच्या बाबतीतही असंच झालं. पूर्वी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसायचा रिवाज होता, माझा हातही त्यात चांगला बसला होता. चंदेरीतले वयस्क नटनट्यांचे फोटो बघून मी ते सोडून दिलं. कपाळावरचं गोंदण आणि डोळ्यांजवळच्या रेघा जशाच्या तशा ठेवल्या. घरच्यांनी एक-दोनदा कुरकुर केली. पण आजी गेल्यावर भिंतीवर लावायला तोच फोटो मोठा करून न्यायला आले.

या मासिकांनी खेड्यांत फॅशन आणली, ब्लाउजचे गळे आणले, हे लोक सांगतात आणि ते खरंच आहे. पण आपल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघायची नजरही त्यांनीच दिली, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. राजाध्यक्ष 2011 च्या सप्टेंबरात गेले. त्यांना मी कधी भेटलो नाही.

माझ्याकडची कात्रणं एका जाड वहीत चिकटवलेली आहेत. शिकायला येणाऱ्या पोरांना मोबाइल बाजूला ठेवायला लावून आधी ती वही आणि भिंग देतो. बरेचसे अंक मात्र वाळवीनं खाल्ले. कुणाच्या माळ्यावर जुने 'चंदेरी' पडले असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा. एसटीनं पार्सल पाठवलंत तर भाडं मी देईन.